शून्य आधी की टिंब आधी

ईराचे कान फार चुगलखोर आहेत. तोंडाने ती काय वाटेल ते बोलेल, पण कान आपले लाल होऊन खरं काय ते सगळ्यांना सांगून टाकतात. त्या तीन रविवारांत त्या कानांना जेवढं काम पडलं, तेवढं जन्मात पडलं नसेल.

तोंडाने वाटेल ते बोलेल, हे मात्र अलीकडचं. सातवीत असताना बाबांची पुण्याहून बेंगळुरूला बदली झाली आणि ही पोरगी जवळजवळ दोन वर्षं मुकीच होती. वर्गात सगळे कन्नडमध्ये हसायचे, टीचर इंग्रजीत रागवायच्या, आणि ईरा खिडकीतून एचएसआर लेआउटमधली नारळाची झाडं मोजायची. (चौदा.) मग नववीत कुणीतरी तिला तोंडी गणिताच्या स्पर्धेत ढकललं. बावीस शाळांत ती पहिली आली. हातात ढाल, गळ्यात पदक, पेपरात एवढासा फोटो. त्या दिवसापासून बाईंचे पाय काही जमिनीला लागेनात. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना ती सत्त्याण्णव गुणिले त्र्याऐंशी विचारू लागली. शेजारी जिन्याने जाऊ लागले.

आणि त्यातच कल्पनाकाकूंचा फोन आला. कल्पनाकाकू म्हणजे सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या शास्त्रज्ञ. चामराजपेठेत एका मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी त्या मराठी घरांतल्या मुलांचा गणिताचा वर्ग घ्यायच्या, फुकट. "ईरा, सहावीची सात पोरं आहेत. तीन रविवार दशांशाचे गुणाकार घेशील का? पण हातानं हं. कागदावर, पायरीपायरीनं. कॅल्क्युलेटरनं पार वाट लावलीय त्यांची."

"काकू, एका रविवारात करून देते!" ईरा म्हणाली.

खरं सांगायचं तर हातानं, पायरीपायरीनं ईरा स्वतः कधीच करायची नाही. तिचं सगळं डोक्यात व्हायचं. पण हे काकूंना कशाला सांगायचं?

पहिल्या रविवारी काकू स्वतः आल्या नव्हत्या, आणि ईराने काय शिकवलं महाराजा! फळ्यावर १.२ × ०.३ लिहिलं आणि म्हणाली, "हे टिंब दिसतंय ना? ते आंघोळीला गेलंय असं समजा. राहिलं काय? बारा त्रिक?"

"छत्तीस!"

"आता टिंब आंघोळ करून आलं. त्याला बसवायचं कुठं? वर पहिल्या आकड्यात टिंबाच्या उजवीकडे किती घरं? एक. दुसऱ्यात? एक. एक नि एक दोन. मग उत्तरातपण उजवीकडून दोन घरं सोडा आणि टिंबाला बसवा. शून्य पॉइंट छत्तीस!"

पोरं खूश. ईशान नावाचा एक बटाट्यासारखा गोल मुलगा तर बाकावर चढून म्हणाला, "अक्का, टिंब ओलं आहे का अजून?" इथली मुलं ताई म्हणत नाहीत, अक्का म्हणतात. ईराला ते इतकं आवडलं की ती उगीचच प्रत्येकाला "बोल, अक्काला सांग" म्हणत राहिली.

इथेच थांबली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेलं माणूस थांबत नाही, फांदी मोडेपर्यंत वरवर जातं. ईराला वाटलं, हे तर पुस्तकातलंच झालं. आपलं काहीतरी हवं. उत्तराच्या शेवटी उगाच शून्यं राहतात, १.५० वगैरे, ती काय कामाची? मग तिने एक चौकट काढली आणि आत लिहिलं:

"गुणाकार झाला की शेवटची शून्यं आधी उडवा. मग घरं मोजून टिंब बसवा."

"ही ईरा-युक्ती," ती म्हणाली. "जगात कुठं मिळणार नाही. वहीत लिहा, चौकटीत, बाजूला तीन चांदण्या काढा."

सातही जणांनी चांदण्या काढल्या. मग तिने ३.५ × ०.२४ दिलं. पस्तीस गुणिले चोवीस, आठशे चाळीस. शून्य उडवलं, उरले चौऱ्याऐंशी. घरं तीन. शून्य पॉइंट शून्य आठ चार. सहा वह्यांत तेच उत्तर.

सातवी वही स्मृतीची होती. लांब वेणी, पहिल्या बाकावर. तिचं घर हॉलच्या मागच्याच गल्लीत, आणि तिच्या घरचे लोक इतक्या पिढ्यांपासून इथले की त्यांच्या मराठीतून कन्नड वेगळं काढताच येत नाही.

"अक्का, हे स्वल्प चुकलं वाटतंय," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"पॉइंट चोवीस म्हणजे जवळजवळ पाव की. औट पाव म्हणजे, तीन पावाचा पाऊण, वर अर्धा पाव. मग उत्तर पाऊणच्या वर यायला पाहिजे. हे इतकं लहान कसं?"

"औट? औट म्हणजे काय?" ईरा हसत म्हणाली. "क्रिकेट चाललंय का इथं?"

वर्ग हसत सुटला. स्मृती मात्र गंभीरपणे म्हणाली, "औट म्हणजे साडेतीन. आमचे अज्जा शिकवतात. पावकी, निमकी, अडीचकी, औटकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ आहेत."

आता, त्या क्षणी ईराने नुसतं उत्तराकडे पाहिलं असतं तरी पुरलं असतं. तोंडी गणितात बावीस शाळांत पहिली आलेली मुलगी! पण तिचं लक्ष उत्तराकडे नव्हतंच. आपल्या चौकटीला, आपल्या चांदण्यांना कुणीतरी पहिल्याच दिवशी नाक मुरडतंय, एवढंच तिला दिसलं.

"ये बरं इकडे निमकीबाई," ती म्हणाली. "फळ्यापाशी उभी राहा आणि सगळ्यांना तुझी निमकी म्हणून दाखव."

स्मृती आली. दोन्ही हात मागे बांधून तिने सुरू केलं, "एक निमे अर्धा, दोन निमे एक, तीन निमे दीड..." आजोबांनी लावलेल्या चालीत, मान हलवत. पोरं हसून लोळायला लागली. ईशान मान हलवून नक्कल करू लागला. ईराही हसली. सगळ्यांत मोठ्यांदा तीच हसली, हे नमूद करायलाच हवं.

"छान. आजोबांना सांग, हे बैलगाडीच्या काळातलं आहे. परीक्षेत औट लिहिलंस तर तूच औट होशील. युक्तीनं कर."

स्मृतीने जागेवर जाऊन आपलं उत्तर खोडलं. जाताना ईशानने ओरडून सांगितलं, "अक्का, शुक्रवारी आमची टेस्ट आहे, मी आणि निमकी एकाच शाळेत!"

"मग काय, युक्ती आहे ना!" अक्का म्हणाली.

गुरुवारी ईराच्या शाळेत नोटीसबोर्डला कागद लावायचा होता. तिची मैत्रीण रंजिता टेप धरून उभी होती. दीड मीटर रुंद, शून्य पॉइंट आठ मीटर उंच. कागद किती लागेल ते लिहून ऑफिसात द्यायचं होतं. ईराने ऐटीत, हातानं, पायरीपायरीनं केलं. पंधरा आठे एकशे वीस. शून्य उडवलं. बारा. घरं दोन. शून्य पॉइंट बारा चौरस मीटर.

रंजिताने कागद पाहिला, मग बोर्ड पाहिला. ती बोलली इंग्रजीत, पण मराठीत सांगायचं तर असं म्हणाली: "एवढ्या कागदात तुझं ते पदक गुंडाळता येईल. बोर्ड नाही."

ईरा हसली. मग तिचं हसू मध्येच अडकलं. दीड गुणिले पॉइंट आठ, एक पॉइंट दोन. हे तर तिला झोपेतही येतं. मग कागदावर पॉइंट बारा कसं आलं? तिने परत केलं. एकशे वीस. त्या शून्यालाही घर होतं. टिंब बसायच्या आधीच आपण त्याला घराबाहेर काढलं, म्हणून टिंब एक घर पलीकडे जाऊन बसलं. टिंब बसल्यावर शून्य उडवलं तर काही बिघडत नाही. आधी उडवलं तर सगळंच बिघडतं. किती साधं! आणि स्मृतीला ते पावकीच्या हिशेबात, बसल्या जागी दिसलं होतं.

कान तापले. एवढे तापले की रंजिताने विचारलं, "ताप आलाय का तुला?"

घरी आल्यावर ईराने आईचा फोन घेतला. काकूंचा पालकांचा ग्रुप होता. उद्या टेस्ट. संध्याकाळचे सातच वाजले होते, अजून वेळ होता. तिने लिहिलं, "मी रविवारी सांगितलेला नियम चुकीचा आहे. आधी टिंब बसवायचं, मगच शून्य काढायचं. सॉरी. ईरा."

तीन वाक्यं. पाठवायचं बटण हिरवं होऊन वाट बघत होतं. ग्रुपवर अठ्ठावीस लोक होते. काकू होत्या. तिच्या फोटोखाली ज्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली होती ते सगळे होते. आता ते वाचणार, ढालवाल्या ईराला साधा सहावीचा गुणाकार येत नाही.

तिने "सॉरी" खोडलं. मग "चुकीचा आहे" खोडून "थोडा बदलला आहे" केलं. मग सगळंच खोडलं. एकच तर टेस्ट आहे, ती मनाशी म्हणाली, रविवारी नीट सांगू. आईने विचारलं, "झालं का तुझं?" आणि ईरा म्हणाली, "हो, काही नव्हतं."

काही नव्हतं म्हणे!

रविवारी ईशान पेपर घेऊन आला होता. तो बाकावर चढला नाही. ह्या वेळी काकूही आल्या होत्या, त्यांनी पेपर हातात घेतला. दशांशाचे पाच प्रश्न, त्यातले तीन चुकलेले. ज्याच्या ज्याच्या शेवटी शून्य येत होतं, नेमके तेवढेच चुकले होते.

"ईशान, अरे २.५ गुणिले ०.४ म्हणजे पॉइंट शून्य एक?" काकू म्हणाल्या. "ईराने एवढं शिकवलं आणि तुम्ही लक्षच देत नाही."

हीच वेळ होती. दार उघडं होतं, नुसतं आत जायचं होतं. ईराने तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं?

"मी असं सांगितलंच नव्हतं. टिंब बसल्यावर शून्य उडवा म्हटलं होतं. तुम्ही नीट ऐकलं नाहीत."

तिचाच आवाज. अगदी स्पष्ट, स्पर्धेत बोलतात तसा.

ईशानने दप्तरातून वही काढली. पान उलटलं. चौकट होती, "आधी" शब्द होता, बाजूला तीन चांदण्या, एकीला तर त्याने पिवळा रंग दिलेला. त्याने चौकटीकडे पाहिलं, मग ईराकडे पाहिलं. मग चौकटीकडे. ईरा वाट बघत होती की हा आता वही काकूंपुढे धरणार. त्याने वही मिटली आणि म्हणाला, "सॉरी अक्का. मीच चुकीचं लिहून घेतलं असेल."

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. अकरा वर्षांच्या पोराने स्वतःच्या डोळ्यांवर नाही, तिच्यावर विश्वास ठेवला होता.

"निमकी का नाही आली?" तिने कसंबसं विचारलं.

"ती नाही येणार," ईशान म्हणाला. "ती म्हणते तिला गणित येत नाही."

उरलेला तास ईराने कसा काढला ते तिलाच ठाऊक. वर्ग सुटल्यावर ती मागच्या गल्लीत गेली. पाय नको म्हणत होते, पण ते कानांपेक्षा तरी भले, सांगितलेलं ऐकत होते.

दारात तुळस, पायरीवर रांगोळी, आत झोपाळ्यावर स्मृतीचे आजोबा पुरुषोत्तमराव. भूमापन कचेरीत अख्खी नोकरी केलेले, बारीक, ताठ. ईराने नाव सांगताच ते उठूनच उभे राहिले.

"टीचरम्मा! या, या की. स्मृती, अग बघ कोण आलंय. बसा, कोडबळे घ्या स्वल्प." एवढ्याशा मुलीला ते अहोजाहो करत होते आणि ताटलीत तांदळाच्या पिठाची तळलेली, कुरकुरीत कडी ठेवत होते. ईराने एक उचललं. ते नुसतं हातात धरून ती बसली.

"मी आपली क्षमाच मागणार होतो," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"माझी?"

"मीच पोरीला घोळात पाडलं. पावकी, निमकी, औटकी. आमच्या वेळी जमीन मोजताना फार उपयोग व्हायचा. पण आता तुमची पद्धत नवी. तिनं तुमच्यासमोर उलट उत्तर दिलं म्हणे. मी तिला सांगितलं, सरी, ठीक आहे, आजपासून माझं बंद. टीचर सांगतील तेच बरोबर."

"बंद केलंत?"

"बंद. रोज संध्याकाळी म्हणायचो दोघं. आता नाही म्हणत." ते हसले, पण झोपाळ्याच्या कडीकडे बघत.

स्मृती आतून आली. तिने नमस्कार केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ईराने विचारलं, "तुझा पेपर बघू?"

पेपर आला. २.५ × ०.४. समोर निळ्या शाईत १ लिहिलेला होता. स्वच्छ, ठळक एक. त्यावर आडवी रेघ. आणि शेजारी, वर चढवून, ०.०१. टीचरच्या लाल पेनने त्यावर फुली.

"आधी बरोबर लिहिलं होतंस," ईरा म्हणाली.

"हो. अडीचकीनं एकच येत होतं," स्मृती म्हणाली. "मग तुमचं आठवलं. सगळे हसलेले आठवले. मग शून्यं उडवली."

ईरा त्या रेघेकडे बघत राहिली. पट्टीने मारावी तशी सरळ रेघ होती. पेन स्मृतीचं, हात स्मृतीचा. पण मारली होती ईराने.

"युक्ती चुकीची होती," ती म्हणाली. एकदा तोंडातून निघालं आणि मग थांबेना. "तुझं बरोबर होतं. वर्गातही, पेपरातही. मला माहीत नव्हतं असं नाही, गुरुवारी कळलं होतं. तुमच्या टेस्टच्या आदल्या दिवशी. मेसेज लिहिला होता. मग खोडला. आणि आज ईशानवर ढकललं."

झोपाळा थांबला.   पुरुषोत्तमरावांनी ताटली थोडी बाजूला सरकवली.

"ईरा," शेवटी ते म्हणाले. पहिल्यांदाच नावाने. "जमिनीची मोजणी चुकली तर आम्ही कचेरीत बसून दुरुस्त करत नव्हतो. परत त्या शेतावर जायचो. खुंटा जिथं चुकीचा ठोकला, तिथूनच उपटायचा असतो."

"म्हणजे तिथं सांगाल?" स्मृतीने विचारलं. "सगळ्यांसमोर? काकूंसमोरपण?"

ईराला म्हणायचं होतं, सांगते की. पण तिने नुसती होकारार्थी मान हलवली. कान तर काय, एव्हाना दिवाळीतल्या पणत्या झाले होते.

तो आठवडा फार लांब होता. ढाल दिवाणखान्यातून उचलून तिने कपाटात, जुन्या स्वेटरांमागे ठेवली. आई म्हणाली, "काय झालं ग?" आणि ह्या वेळी ईराने सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मी येऊ का बरोबर?" ईरा नाही म्हणाली. मग दोन दिवस तिला वाटत राहिलं, हो म्हणायला हवं होतं.

तिसऱ्या रविवारी स्मृती आली, पण शेवटच्या बाकावर बसली. कल्पनाकाकू नेहमीसारख्या खिडकीपाशी. ईराने फळ्यावर चौकट काढली, तोच नियम लिहिला, तीन चांदण्यासुद्धा काढल्या. एक चांदणी तर पालीसारखी दिसायला लागली.

"हे मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "शब्दनशब्द हेच. ईशानने नीट ऐकलं होतं, सगळ्यांनी नीट ऐकलं होतं. हे चूक आहे. स्मृतीने त्याच दिवशी सांगितलं होतं, तर मी तिची चेष्टा केली. मला गुरुवारी कळलं, टेस्टच्या आधी. काकू, मी ग्रुपवर मेसेज लिहून खोडला. आणि गेल्या रविवारी खोटं बोलले."

 काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गुरुवारी," त्या हळूच म्हणाल्या. एवढंच. पण त्या एका शब्दाने ईराचे डोळे भरले. पुढच्या महिन्यात त्यांनी तिला वर्ग दिला नाही, आणि तिनेही मागितला नाही.

तेवढ्यात ईशान बाकावर चढला.

"मग मी सॉरी कशाला म्हटलं?" तो ओरडला. "अक्का, माझं सॉरी परत द्या!"

"देते," ईरा म्हणाली. "सॉरी, ईशान."

"तीन मार्कांचं आहे. तीनदा म्हणा."

तिने तीनदा म्हटलं. पोरं हसली. तिला हसली, बोटं दाखवून, अगदी पोट धरून, आणि ईरा तिथंच फळ्यापाशी उभी राहिली, स्मृती उभी होती त्याच फरशीवर. तेव्हा कळलं, इथून हसू किती मोठं ऐकू येतं.

"आता स्मृतीने शिकवायचं," कुणीतरी म्हणालं. स्मृती हलली नाही. ईराने खडू घेतला, शेवटच्या बाकापर्यंत गेली आणि तो तिच्यापुढे ठेवला. स्मृतीने खडूकडे पाहिलं. उचलला नाही.

"तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "मी सांगते."

ईरा परत फळ्याकडे गेली. ३.५ × ०.२४. टिंब आंघोळीला. आठशे चाळीस.

"आता?" तिने विचारलं, वळून न बघता.

"आता शून्याला हात लावू नका," मागून आवाज आला. "आधी टिंब."

तीन घरं मोजून ईराने टिंब बसवलं. ०.८४०. मग तिने बाहीने त्या शून्याचा खडू पुसला, आणि तीच बाही फिरवून चौकट आणि चांदण्याही पुसल्या. पांढरा डाग राहिलाच.

"पाऊणच्या वर आलं ना?" स्मृतीने विचारलं.

"आलं," ईरा म्हणाली. "औट पावाच्या जरासं खाली. मला औटकी शिकवशील?"

स्मृतीने वेणी मागे टाकली. मग म्हणाली, "मी नाही. अज्जांना विचारा. त्यांनी बंद केलंय. तुम्हीच जाऊन चालू करा."

ईशान लगेच मान हलवायला लागला, त्याच चालीत, "एक निमे अर्धा..." पण ह्या वेळी त्याच्या बरोबर कुणी हसलं नाही. दोघंतिघं नुसतीच म्हणू लागली. दोन निमे एक. तीन निमे दीड. ईराला पुढचं येत नव्हतं, ती ओठ हलवत राहिली, मागे मागे, आणि कान तसेच लाल.